नर्सिंगचे शिक्षण : बारावी अवघड की त्यानंतरचे?
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने आम्हा चौघींना विषय दिला तो असा, की आपल्या मुलींनी नर्सिंगला जावे काय आणि गेल्या तर त्यांना ते झेपेल काय. जावे काय, याचे उत्तर वेगळे द्यायला नको. आम्ही चौघीही याच कामावर घर चालवतो, आणि आमच्यातली एक तर आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तेव्हा आम्ही बोलणार आहोत ते झेपण्याविषयी.

विहाराच्या अभ्यासिकेत दर उन्हाळ्यात दोन प्रकारची घरे आमच्याकडे येतात. एक घर म्हणते, पोरीला बारावी सायन्सच एवढी जड गेली, फिजिक्समध्ये कशीबशी निघाली, तिला पुढचे काय जमणार? दुसरे घर पेढे घेऊन येते. बारावी झाली, सीईटी झाली, नंबर लागला, आता काय, सुटलो! या दोन्ही समजुतींमुळे नुकसान होते, असा आमचा अनुभव आहे. पहिल्या घरातली मुलगी फॉर्मच भरत नाही. दुसऱ्या घरातली भरते, कॉलेजात जाते, पहिल्याच सत्रात दोन-तीन विषय राहतात आणि मग महिनाभर कोणाशी बोलत नाही.

प्रवेशाचे थोडक्यात सांगतो. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय लागतात. सर्वसाधारण उमेदवारांना ४५ टक्के आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारांना ४० टक्के गुणांची अट आहे. बौद्ध समाजाला केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नकोच. मात्र त्यासाठी जातीचा दाखला आणि जात पडताळणी आधीच करून ठेवा, निकालाच्या दिवशी धावाधाव करू नका. ज्यांनी सायन्स घेतले नाही त्यांनाही दार बंद नाही. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम बारावीच्या कोणत्याही शाखेतून करता येतो, इंग्रजी विषय आणि ४० टक्के गुण हवेत. पुढे पोस्ट बेसिक करून पदवीही मिळते.

आता मूळ प्रश्न. बारावी अवघड की नर्सिंग?

अगदी खरे सांगायचे तर निव्वळ डोक्याला ताण देणारा अभ्यास बारावीचा जास्त. फिजिक्समधली ती लांबलचक सूत्रसिद्धी, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतल्या अभिक्रिया, हे नर्सिंगला तसे कोणी विचारत नाही. त्यातून आपली मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. दहावीपर्यंत पचनसंस्था म्हणायचे आणि अकरावीत एकदम डायजेस्टिव्ह सिस्टीम. हा धक्का ज्या मुलीने पचवला तिच्यात कुवत कमी आहे, असे कोणी म्हणू नये. फिजिक्सला चाळीस गुण पडले म्हणून ती चांगली नर्स होणार नाही, असा नियम कुठेही नाही.

मग मुली पहिल्या सत्रात का अडखळतात? कारण नर्सिंगचे ओझे वेगळ्या तऱ्हेचे आहे. २०२१ पासून चार वर्षांची आठ सत्रे झाली आहेत. पहिल्याच सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशन. बारावीत हृदयाचा अर्धा धडा असतो आणि तो वाचायला वर्ष असते. इथे २०६ हाडे, सगळे स्नायू, नसा, ग्रंथी, साऱ्या देहाचा हिशोब सहा महिन्यांत. शिवाय एकट्या नर्सिंग फाउंडेशनचे पहिल्या सत्रात १२० तास वर्गात, ८० तास स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर सराव आणि १६० तास प्रत्यक्ष वॉर्डात. म्हणजे पुस्तकासमोर जेवढे बसायचे त्याहून जास्त वेळ खाटेजवळ उभे राहायचे. बारावीला ३५ टक्क्यांवर पास, इथे बहुतेक विषयांत ५० लागतात, आणि लेखी व प्रात्यक्षिक दोन्ही वेगवेगळे पास व्हावे लागते. हजेरी ८० टक्के हवी. वॉर्डातले दिवस तर पदवी मिळण्याआधी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. मामाच्या लग्नाला चार दिवस गेली तर ते चार दिवस तिला कधीतरी फेडावेच लागतात, हे घरातल्या मोठ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, तिथे थोडे थांबतो. बारावीचेच ज्ञान नर्सिंगला पुन्हा भेटते, पण परीक्षा घेण्याची रीत बदललेली असते.

इन्सुलिनचेच बघा. बारावीत लिहायचे की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन स्रवतात. झाले, मिळाले गुण. वॉर्डात हातात बाटली येते. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले इन्सुलिन असते आणि १०० युनिट असलेलेही असते. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० ची आणि केशरी टोपणाची १००ची. समजा १०० च्या बाटलीतले औषध कोणी ४० च्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाच्या अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर एकदम उतरते, माणूस घामाघूम होतो, बेशुद्ध पडू शकतो. इथे बसलेल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा इन्सुलिन घेतात, म्हणून घरीही बाटली आणि सिरिंज जुळते की नाही तेवढे आजच पाहून घ्या.

पोटॅशियमचेही तसेच. केमिस्ट्रीत त्याचा अणुअंक १९. वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडची छोटी कुपी असते, ती सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायची असते. तशीच थेट शिरेत दिली तर हृदय बंद पडते. या प्रश्नाला 'ऑप्शन'ला टाकायची सोय नाही.

आणि ज्या फिजिक्सला मुली एवढ्या घाबरतात ते तर सलाईनच्या स्टँडलाच टांगलेले असते! द्रवाचा दाब उंचीवर अवलंबून असतो, हे बारावीत पाठ केलेले वाक्य. रुग्णाला स्ट्रेचरवरून नेताना नातेवाईक सलाईनची बाटली खाली धरतात आणि नळीत रक्त उलटे चढते, हे तुम्ही पाहिले असेल. तोच तो धडा. बीपी घेताना हात हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, खाली लोंबकळत ठेवला तर आकडा उगाच जास्त येतो, तेही त्याच धड्यातले. ज्या मुलीने हे समजून घेतले तिला पाठ करावे लागत नाही. जिने बारावीत फक्त गाईडमधून पाठ केले ती इथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते.

गणिताची भीती तर अगदीच अनाठायी. लागते ते सातवीचे त्रैराशिक. ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचे, संचातून एका मिलीचे २० थेंब पडतात. म्हणजे एकूण दहा हजार थेंब, चार तासांची २४० मिनिटे, भागिले की मिनिटाला साधारण ४२ थेंब. एवढेच. पण हे मध्यरात्री अडीच वाजता, तीन नातेवाईक एकदम बोलत असताना, घड्याळाकडे बघून करता आले पाहिजे. बारावीचे गणित ज्यांचे चांगले होते त्याही मुली इथे सुरुवातीला गडबडतात, आणि भाजीच्या गाडीवर आईबरोबर हिशोब केलेली मुलगी पटकन सांगते, हे आम्ही पाहिले आहे.

प्रश्नपत्रिकेतही फरक असतो. बारावीत विचारतात, श्वसनाची व्याख्या लिहा. नर्सिंगला विचारतात, रुग्णाला धाप लागली आहे, ओठ निळसर दिसतात, तुम्ही सर्वांत आधी काय कराल? चारही पर्याय बरोबरच असतात. डॉक्टरांना कळवणेही बरोबर, केस पेपरवर नोंद करणेही बरोबर. पण आधी त्याला उशाकडून उंच करून बसवायचे, श्वास मोकळा करायचा. बारावीत हुशार ठरलेल्या मुली इथे रडतात, कारण 'सगळे येत होते तरी चुकले.' त्यांना सवय व्हायला एखादे सत्र जाते, तेवढा धीर घरच्यांनी धरावा.

आता जे बारावीच्या कोणत्याच पुस्तकात नाही त्याविषयी. विनयपिटकातील महावग्गात आलेला प्रसंग आपण या विहारात भन्तेजींच्या तोंडून ऐकला आहे. हगवण लागलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, सोबतच्या भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि मग संघाला एकत्र करून आजाऱ्याची सेवा हे सर्वांचे कर्तव्य ठरवून दिले. तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करून देता यावे, पथ्य काय आणि अपथ्य काय ते कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र-ओकारीची किळस नसावी, आणि रुग्णाला धम्माच्या बोलण्याने उभारी देता यावी. आमच्यातली शिकवणारी भगिनी सांगते की पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम मांडायला बसले की हीच यादी डोळ्यांपुढे येते. पहिले दोन गुण लेखी परीक्षेत तपासता येतात. किळस जाते की नाही हे पहिल्यांदा बेडपॅन उचलताना कळते, आणि सीईटीत कितीही गुण असले तरी त्या दिवशी सगळ्या मुली सारख्याच असतात.

किळस नसावी म्हणजे काळजी नसावी असे मात्र नाही. सावित्रीमाईंनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्याजवळ हातमोजे नव्हते, मास्क नव्हता. आजच्या मुलीला तिसऱ्या सत्रात सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रण हा पूर्ण विषय शिकवतात. बारावीत जिवाणूची आकृती काढली होती, इथे तोच जिवाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर आपल्याच हातांवरून जातो हे शिकायचे. २०२० च्या कोविडनंतर याचे महत्त्व वस्तीतही कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आई-वडिलांना एक बोलायचे आहे, राग मानू नका. मुलगी सकाळी सहाला निघते, वॉर्डात सहा तास उभी असते, मग लेक्चर, मग घरी येऊन जर्नल, केअर प्लॅन, केस स्टडी लिहायची. घरात तिला लगेच म्हणतात, "दवाखान्यात नुसती जाऊन तर येतेस, भाकऱ्या टाक." बारावीच्या वर्षी हेच घर टीव्ही बंद ठेवत होते, मुलीला चहा हातात देत होते. आमच्या मते गरज नेमकी उलटी आहे. नर्सिंगच्या पहिल्या दोन सत्रांत घराने बारावीपेक्षा जास्त सांभाळून घ्यावे. आम्हाला माहीत असलेल्या ज्या मुलींनी शिक्षण अर्धवट सोडले, त्यातल्या बहुतेकींना अभ्यास येत नव्हता असे मुळीच नाही. त्यांना झोप मिळत नव्हती. आणि हो, हे शिक्षण मुलांसाठीही आहे. मुलगा नर्सिंगला गेला की हसायचे, ही सवय आपल्या वस्तीने सोडावी.

निकाल आणि प्रवेश यांच्यामध्ये दोन-तीन महिने मिळतात, ते मोबाईलवर घालवू नका, मुलींनो. इंग्रजी शब्दांचे तुकडे ओळखायला शिका. शेवटी 'आयटिस' आले की दाह समजायचा. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड. मग हेपॅटायटिस आणि नेफ्रायटिस पाठ करायची गरज उरत नाही. 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, नाडीला लावून बघा. असे शंभर तुकडे आले की निम्मे पुस्तक ओळखीचे वाटू लागते. घरातल्या पाच जणांची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत लिहा. लहान भावाची आणि आजोबांची वेगळी का येते, ते अकरावी-बारावीच्या बायोलॉजीत शोधा. आणि ती बायोलॉजीची पुस्तके रद्दीत घालू नका, पहिल्या सत्रात तीच पहिली उघडावी लागतात.

या उन्हाळ्यापासून रविवारी सकाळी वंदना झाल्यावर अभ्यासिकेत आमच्यापैकी एक जण दोन तास बसणार आहे. जिची ड्युटी असेल तिच्याऐवजी दुसरी येईल. थेंबांचे हिशोब, औषधांच्या मात्रा, इंग्रजी शब्द एवढेच घेऊ. फी काही नाही. समितीने फळा दिला आहे, बीपीचे यंत्र आम्ही आणतो. ज्यांच्याकडे बारावीची जुनी पुस्तके पडून असतील त्यांनी ती विहारात आणून द्यावीत, आणि मुलीला पाठवताना सोबत तिच्या आईनेही एकदा येऊन जावे.

जयभीम! नमो बुद्धाय!