दूरच्या ताऱ्याची वाट

(गारगोटी येथे संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. प्रकाशापेक्षा जलद धावणारी याने, ताऱ्याताऱ्यांना जोडणारे रस्ते, या साऱ्या गोष्टीच्या पुस्तकांतल्या गमती. त्यांचा अभ्यासाशी काय संबंध? दहावीच्या वर्षात मुलाच्या हातात असे पुस्तक दिसले की आपण ते काढून घेतो. तसे करण्यापूर्वी माझे चार शब्द ऐकून घ्यावेत, एवढीच विनंती.

आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले, जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ झाले. १९७४ साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असताना, त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठवली. आपले नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून नारायण विनायक जगताप असे टोपणनाव घेतले. गोष्टीला पहिले बक्षीस मिळाले. २०२५ साली ते आपल्यातून गेले. पण एवढा मोठा शास्त्रज्ञ मराठीत गोष्टी लिहीत होता, हे ध्यानात ठेवावे. गोष्ट रचणे आणि गणित सोडवणे यांत त्यांना वैर दिसले नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. प्रथम अंतराचा हिशेब. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. गारगोटीहून कोल्हापूर साधारण ५० किलोमीटर. प्रकाशाला त्यासाठी सेकंदाचा सहा हजारावा भाग पुरतो. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र सव्वाचार प्रकाशवर्षे दूर आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते. त्या वेगाने त्या ताऱ्याचे अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील! वेग वाढवावा म्हटले, तर १९०५ साली आइन्स्टाइन यांनी दाखवून दिले की, वस्तूचा वेग प्रकाशवेगाच्या जितका जवळ जाईल, तितकी तो आणखी वाढवायला लागणारी ऊर्जा बेसुमार होते. जड वस्तूला प्रकाशाचा वेग गाठताच येत नाही.

इथे कथालेखकाची पंचाईत होते. शेकडो ग्रहांचे राज्य त्याने कल्पिले, पण राजधानीहून निघालेला हुकूम पोचेपर्यंत राजाची पिढीच सरून जायची. म्हणून आसिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन' कथांतील याने एका वेगळ्याच अवकाशातून उडी मारतात. दुसरे लेखक ताऱ्याताऱ्यापाशी दारे उभी करतात. एका दारातून आत शिरावे आणि दुसऱ्या ताऱ्यापाशी बाहेर पडावे.

अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल सागन यांनी 'कॉन्टॅक्ट' ही कादंबरी लिहिताना आपल्या नायिकेला कृष्णविवरातून पाठवायचे ठरवले होते. हे शास्त्राला धरून आहे का, असे त्यांनी किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञ मित्राला विचारले. थॉर्न यांनी कृष्णविवराऐवजी 'वर्महोल' सुचवले. किड्याने फळात पोखरलेली वाट, असा त्या शब्दाचा अर्थ. कादंबरी १९८५ साली निघाली. पण थॉर्न तेवढ्यावर थांबले नाहीत. असा बोगदा उघडा राहायला काय लागेल, याचे गणित त्यांनी व त्यांचे विद्यार्थी मॉरिस यांनी मांडले. १९८८ साली प्रसिद्ध झालेला तो निबंध सापेक्षता शिकवण्याचे साधन म्हणूनच लिहिलेला होता. पालकहो, गोष्टीतल्या एका प्रश्नातून वर्गात शिकवण्याचा धडा तयार झाला, तो असा.

हा बोगदा म्हणजे काय? कोकण रेल्वेच्या मार्गावर करबुडे येथे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. त्यातून जाणारी गाडी वेगाचा नियम मोडत नाही. डोंगराचा वळसा तेवढा वाचतो. वर्महोलचेही तसेच. प्रवाशाने प्रकाशाला हरवायचे नसते, अंतरच कमी झालेले असते. अडचण अशी की गणिताप्रमाणे हा बोगदा क्षणात ढासळतो. तो उघडा ठेवायला ऋण ऊर्जेचा आधार लागतो, आणि तेवढी ऋण ऊर्जा कोणाला मिळालेली नाही. तेव्हा असा बोगदा आजवर कागदावरच आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, बोगदा झाला. त्याचे एक तोंड आपल्याकडे. दुसरे तोंड अभिजित ताऱ्यापाशी हवे. ते तिथे कसे पोचणार? ते यानात घालून, प्रकाशापेक्षा कमी वेगाने, साध्या वाटेनेच न्यावे लागेल. अभिजित २५ प्रकाशवर्षे दूर आहे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने यान गेले, तर पृथ्वीवर पंचवीस वर्षे उलटतील. सापेक्षतेच्या नियमाने यानातल्यांची मात्र साडेतीनच वर्षे जातील. ते परतले, तर त्यांच्या धाकट्या भावंडांचे केस पिकलेले असतील. त्यांच्यामागून येणारे मात्र दारातून सहज पलीकडे जातील. जाळे कितीही वेगवान असो, त्याचा पहिला धागा कोणीतरी सावकाश चालत जाऊन बांधलेला असतो.

याच अभिजित ताऱ्याला इंग्रजीत 'वेगा' म्हणतात. तो शब्द अरबी 'वाकिअ' पासून आला. झेपावत खाली येणारा गरुड, असा त्या पूर्ण नावाचा अर्थ. आकाशाकडे पाहून नोंदी ठेवणाऱ्या जुन्या मंडळींनी दिलेले नाव आजही जगाच्या नकाशात आहे. त्यांनीही एक धागा बांधून ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, अशा गोष्टी अवश्य वाचा. वाचताना दोन प्रश्न विचारा: लेखकाने कोणता नियम पाळला? आणि या जलद रस्त्याची किंमत कोणी मोजली? दुसरा प्रश्न आपल्या घरालाही लावून पाहा. १९५२ साली गारगोटीत मौनी विद्यापीठ उभे राहिले. त्याआधी आणि नंतरही कित्येक आईवडिलांनी स्वतः न शिकता मुलांची फी भरली. आज तुम्ही ज्या दारातून सहज आत येता, ते दार त्यांनी पाठीवरून वाहून आणलेले आहे. पालकांनो, तुमचा मुलगा किंवा मुलगी रात्री असे पुस्तक वाचताना दिसली, तर दिवा मालवू नका, "काय वाचतोस? मलाही सांग," असे म्हणा.