ओटा कुणाच्या मापाचा?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज सभेपुढे कर्जमागणीचे अर्ज आहेत. मी ते सकाळी चाळले. शेळीचे आहेत, शिलाई मशीनचे आहेत, आणि यावेळी घराच्या कामाचे बरेच आहेत. त्यातल्या काही अर्जांवर कारण लिहिलंय, ‘स्वयंपाकाचा ओटा व फरशी’. रक्कम लिहिलीय. पण ओटा किती लांब, किती उंच, कुठल्या दगडाचा, हे एकाही अर्जावर नाही. विचारलं तर एक ताई म्हणाल्या, “ते मिस्त्री ठरवतील.” दुसऱ्या म्हणाल्या, “मालकांनी बघितलंय दुकानात.”

तायांनो, शेळी घेताना तुम्ही तिचे दात बघता, कास बघता. मग ज्या ओट्यापाशी पुढची तीस वर्षं उभं राहायचं, तो न बघता कसा घ्यायचा? म्हणून आज दहा-पंधरा मिनिटं ओट्यावरच बोलणार आहे.

आधी हे लक्षात घ्या, की ओटा ही शोभेची वस्तू नाही. ती तुमची कामाची जागा आहे. 2019 साली केंद्र सरकारने देशभर पाहणी केली होती, की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, असं त्यात आलं. म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा आकडा होता 97 मिनिटं. आता त्या पाच तासांतला मोठा भाग कुठं जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि दुसरं. प्रधानमंत्री आवास योजनेचं घरकुल सपाट भागात 1 लाख 20 हजारांचं असतं, आणि पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे हप्त्याहप्त्याने येतात. पाया झाला, भिंती झाल्या, स्लॅब पडला. ओटा येतो सगळ्यात शेवटी. तोवर हात रिकामा झालेला असतो. मग “उरलंय त्यात उरका” असं होतं, आणि जे उरकलं जातं ते तुमच्या वाट्याला येतं. खरं तर याच योजनेत घर किमान 25 चौरस मीटरचं असावं आणि त्यातच स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली असावी, असं लिहिलंय. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यावं, असंही आहे. कागदावर तुमचं नाव आहे, तर ओट्याच्या मापातही तुमचं मत पाहिजे.

आता दगडाकडे येऊ. दुकानात गेलं की चार-पाच नावं कानावर येतात. त्यांची ओळख करून घेऊ.

शहाबादी आपल्याला नवीन नाही. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा दगड. आपल्या आजीच्या घरात हीच फरशी होती. कोटा येतो राजस्थानातून, हिरवट-निळसर. कडप्पा आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचा, काळा. नावं तीन, गावं तीन, पण जात एकच. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. संगमरवर म्हणजे मार्बल, तोही चुनखडीपासूनच जमिनीच्या पोटात तयार झालेला. ग्रॅनाइट मात्र वेगळ्या जातीचा. तो जमिनीच्या खोल पोटातला तप्त रस थंड होऊन बनलेला, कठीण. आपल्या जवळचं उदाहरण सांगते. इरकली साडी ज्या गावावरून नाव घेते, त्या कर्नाटकातल्या इलकलला लालसर ग्रॅनाइटच्याही खाणी आहेत.

ही जात का बघायची? कारण आपल्या स्वयंपाकात आंबट असतंच. लिंबू, चिंच, ताक, टोमॅटो, लोणच्याचा खार. आंबट चुनखडीला खातं. कडप्प्यावर लिंबाची फोड रात्रभर राहिली, की सकाळी तिथे पांढुरका डाग दिसतो. कितीही घासा, तो निघत नाही. कारण तो मळ नसतोच. तिथली चकाकीच गेलेली असते. ग्रॅनाइटला लिंबू-चिंचेनं असं होत नाही.

म्हणून एक साधी परीक्षा सांगते, पदरचा पैसा लागत नाही. दुकानात जाताना पिशवीत एक लिंबू न्या. दुकानदाराकडून दगडाचा छोटा तुकडा मागून घ्या, पॉलिश असलेला. त्यावर लिंबाचे चार थेंब टाका, अर्धा तास थांबा, पुसून उजेडात तिरका धरून बघा. डाग पडला, तर तो चुनखडीचा, मग दुकानदार त्याला काहीही नाव देवो. शेजारी पाण्याचे दोन थेंबही टाकून ठेवा. पाणी लगेच मुरून दगड काळपट झाला, तर उद्या त्यात तेलही मुरणार. आणि काळा ग्रॅनाइट घेत असाल, तर नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन घासा. कापूस काळा झाला, तर दगडाला वरून रंग दिलाय. दुकानदार तुकडा द्यायला तयार नसेल, तर दुसरं दुकान बघा.

याचा अर्थ कडप्पा वाईट, असा नाही हं. तो स्वस्त मिळतो, काम सोपं असतं, आणि ओट्याखालचे उभे आधार, मांडणीच्या फळ्या, माठाची जागा, याला तो उत्तम. फक्त तो थराथराचा दगड आहे. घेताना बोटानं ठोकून बघा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द वाजला, किंवा पांढरी रेघ आरपार गेलेली दिसली, तर तिथून तो फुटायची भीती. ओट्यावरही कडप्पा चालतो, पण मग आंबट सांडलं की लगेच पुसायची सवय पाहिजे. ज्या घरात सकाळी सहाला डबे भरून शेतावर जायचंय, तिथे प्रत्येक थेंब कोण पुसत बसणार, ते ज्याचं त्यानं ठरवा.

पांढरा मार्बल ओट्याला घेऊ नका. हळदीचा डाग आणि लिंबाचा डाग, दोन्ही त्याच्यावर उठून दिसतात. टाइल्स ओट्यामागच्या भिंतीला लावा, तिथे त्या चांगल्या. ओट्यावर लावल्या, तर दोन टाइल्समधल्या सांध्यात तेल, पीठ आणि झुरळं. शिवाय खलबत्ता आपटला की टाइल तडकते.

एक धोक्याची गोष्ट. फरशीचं काम झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला मिस्त्री ॲसिड टाकतात. आपण लिंबाला घाबरतोय, आणि हे तर त्याच्या कितीतरी पट जहाल. कडप्पा, कोटा, शहाबादीवर ॲसिड पडू देऊ नका. संडास-मोरीसाठी आणलेली बाटलीसुद्धा ओट्यावर वापरू नका.

मोरीचंही सांगून टाकते. तिथे चकाकीच्या मागे लागू नका. साबणाच्या पाण्यात पॉलिशचा दगड निसरडा होतो. घरात म्हातारी सासू असेल, कुणी गरोदर असेल, तर पडायला एक क्षण पुरतो. मोरीला खरखरीत, बिनपॉलिशची फरशी किंवा खरखरीत टाइल्स घ्या.

आता पैशाचं बोलू. दुकानात दर चौरस फुटाचा सांगतात. ओटा 7 फूट लांब आणि 2 फूट रुंद असेल, तर झाले 14 चौरस फूट. कापण्यात वाया जाणारा धरून 16 धरा. समजा कडप्पा 70 रुपये आणि ग्रॅनाइट 150 रुपये. तुमच्या तालुक्याचा खरा दर तुम्ही विचारून घ्या, हा फक्त हिशोबासाठी. फरक 80 रुपयांचा. 16 गुणिले 80, म्हणजे 1,280 रुपये. खालचं बांधकाम, सिमेंट, भांडी घासायचं सिंक, ते दोन्हीकडे करावंच लागतं. म्हणजे छोट्या ओट्याला चांगल्या दगडाचा फरक हजार-दीड हजाराच्या घरात बसतो. हाच फरक घरभर फरशीला केला, 250 फुटांना, तर 20 हजार होतात. म्हणून मी म्हणते, फरशीला शहाबादी घाला आणि ओट्याला चांगला दगड घ्या. बरीच घरं उलटं करतात. बाहेरच्या खोलीत चकचकीत फरशी, कारण पाहुणे बघतात. ओटा कसाबसा, कारण तिथे फक्त बाई असते.

दर विचारताना अजून दोन गोष्टी विचारा. पुढच्या कडेची पट्टी आणि तिची घासाई धावत्या फुटावर वेगळी लावतात. सिंक आणि शेगडीच्या नळीसाठी भोक पाडायचे पैसे वेगळे असतात. सगळं मिळून किती, ते कागदावर लिहून घ्या.

आणि उधारी. दुकानदार म्हणतो, “ताई, हप्त्यानं द्या.” हिशोब करा. 10 हजार रुपये गटातून घेतले, दरमहा शेकडा 1 ने, दर महिन्याला हजार मुद्दल फेडलं आणि व्याज फक्त उरलेल्या रकमेवर, तर दहा महिन्यांत व्याज होतं 550. तेच 10 हजार शेकडा 2 ने, आणि व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर, तर 2 हजार. आपला गट कशासाठी आहे, ते यातून कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उंची. दगड कितीही भारी आणला आणि उंची चुकली, तर रोज खांदे भरून येतात नाहीतर कंबर धरते. मिस्त्रीच्या डोक्यात एक ठरलेलं माप असतं, तो सगळीकडे तेच बांधतो. दोष त्याचा नाही, त्याला कुणी माप सांगितलेलंच नसतं. ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो. ओट्यालाही द्यायचं.

माप असं घ्या. अनवाणी सरळ उभ्या राहा. हात कोपरात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा, आणि त्यातून 4 ते 6 इंच वजा करा. पाच फूट उंचीच्या बाईचं हे माप साधारण 32 इंचांच्या आसपास येतं. हे माप तयार ओट्याचं आहे, म्हणजे दगड आणि त्याखालचा माल धरून. आणि खालची फरशी अजून बसायची असेल, तर तिची जाडीही धरा. नाहीतर विटांचं काम 32 ला थांबतं, आणि ओटा होतो 34 चा.

खात्री करायची, तर बांधायच्या आधी विटा रचून वर एक फळी ठेवा. त्यावर परात ठेवून कणीक मळा, एक भाकरी थापून बघा. थापताना खांदा वर उचलला जातोय का? मग एक वीट काढा. परातीची कडही दोन-तीन इंच उंच असते, शेगडीवरचं पातेलं तर आणखी वर. भाकरीचं काम जास्त असेल, तर ओट्याच्या एका टोकाला दोन फूट जागा चार इंच खाली घेता येते. आणि सासू-सुनेच्या उंचीत फरक असेल, तर जी जास्त वेळ उभी राहते, तिचं माप घ्या. हे घरात बसून ठरवा, भांडू नका.

बांधताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. सिंकसाठी दगड कापला, की तिथे तो सगळ्यात कमजोर होतो. सिंकच्या दोन्ही बाजूंना खालून आधार पाहिजे. आणि गॅस सिलिंडर शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर, हवेशीर जागेत, उभा ठेवायचा असतो. ओट्याखालचा कप्पा दारानं बंद करणार असाल, तर तळाशी जाळी ठेवा, कारण गळलेला गॅस खाली साठतो.

दगड कापायला मशीन आलं, की लेकरांना आणि म्हाताऱ्यांना तिथून लांब न्या. कापणाऱ्या पोराला पाणी मारून कापायला सांगा, तोंडाला चांगला मास्क लावायला सांगा. ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की परत निघत नाही. शहरात बनावट क्वार्ट्‌झच्या ओट्यांची फॅशन आहे, त्यात सिलिका फार जास्त. ते कापणारे कामगार आजारी पडू लागले, म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या दगडावर बंदीच घातली. आपल्या गावची पोरं पुण्या-मुंबईला याच कामाला जातात, म्हणून घरी गेल्यावर त्यांनाही सांगा.

शेवटी सभेपुढे एक विनंती ठेवते. ओट्यासाठी जी ताई कर्ज मागेल, तिने अर्जासोबत एक चिठ्ठी जोडावी. त्यात पाच ओळी: लांबी-रुंदी, उंची, दगड कोणता, दर किती, एकूण खर्च किती. लिहिता येत नसेल, तर सीआरपी ताई लिहून देतील, पण माप त्या ताईच्या कोपराचं घ्यायचं. आज ज्यांचे अर्ज आहेत, त्यांनी सभा संपल्यावर थोडं थांबा. माझ्याकडे टेप आहे. इथेच मोजून घेऊ.