पाताळातला पाहुणा

बेडूक म्हटला की आपल्याला पावसाळी डबके आणि रात्रभर चालणारे डरांव-डरांव आठवते. परंतु सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळातील इडुक्कीच्या डोंगरांत, असा एक बेडूक राहतो की तो शेजारच्या मळेवाल्यालाही वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवसापलीकडे दिसत नाही. अंग जांभळट व फुगीर, पाय आखूड, नाक टोकदार. जमिनीखाली वाळवी खाऊन तो दिवस काढतो. तिकडे त्याला पाताळातला बेडूक म्हणतात. कोणी महाबलीचेही नाव देतात. वर्षातून एकदा भेटीस येणारा हा राजा बलिप्रतिपदेमुळे आपल्याही ओळखीचा आहे.

शास्त्राने त्याचे नाव ठेविले नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस. नासिका संस्कृतातली, बॅट्राकस म्हणजे ग्रीकांचा बेडूक, आणि सह्याद्री आपला. एस. डी. बिजू व फ्रँकी बॉस्युट यांनी हे नामकरण २००३ साली केले. गंमत अशी की, त्याच्या डिंभकाचे, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाचे, वर्णन १९१८ सालीच प्रसिद्ध झाले होते. बालकाची नोंद झाली आणि पालक सापडावयास पंचाऐंशी वर्षे लागली! सरकारी दप्तरातही इतका विलंब सहसा होत नाही. त्याचे निकटचे आप्त आज थेट समुद्रापार सेशेल्स बेटांवर आहेत; ती बेटे आणि भारत हे एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते.

वळवाचा जोरदार पाऊस झाला म्हणजे नर मातीखालूनच साद घालतो. मग जोडपी वर येतात. नर मादीहून पुष्कळच लहान; तो तिच्या पाठीला चिकटून असतो. ओढ्यातील खडकांच्या खळग्यांत मादी हजारो अंडी घालते आणि दोघे पुन्हा मातीआड होतात. पिल्ले मात्र सुमारे शंभर दिवस वाहत्या पाण्यात, तोंडाने खडकाला घट्ट धरून राहतात.

खरी अडचण येथेच आहे. वेलदोड्याच्या मळ्यांजवळही हा बेडूक तग धरतो. त्याला कुंपण नको, वाहता ओढा हवा. चैत्रात पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्याला तेथे कोरडा नाला दिसतो, आणि कागदावर बंधारा उभा राहतो. बंधाऱ्यामागे पाणी साचते, ओढ थांबते, आणि धारेत जगण्यासाठीच घडलेल्या पिल्लांना थारा उरत नाही. बंधाऱ्याची जागा ठरविण्यापूर्वी एक पाहणी आषाढातही व्हावी. त्यासाठी नवा कायदा नको. एका जादा फेरीचा प्रवासभत्ता पुरेल.