परक्या शहरातील पहिली खोली
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी भूगोल शिकवितो. म्हणून गाव सोडून मोठ्या शहरात गेलेली माणसे कोठे राहतात आणि तेथेच का राहतात, या प्रश्नाचा थोडा विचार आपणापुढे मांडतो.

आपणां गोमंतकीयांना याचे उत्तर पुस्तकात शोधावयास नको. मुंबईच्या धोबीतलाव-माझगाव भागातील कूड आपल्याला ठाऊक आहेत; त्यांपैकी काही अजूनही टिकून आहेत. एकेका गावच्या ख्रिस्ती बांधवांनी मिळून जागा घ्यावयाची. भिंतीलगत ट्रंका, मध्ये अंथरुणापुरती जमीन, सायंकाळी सर्वांची एकत्र प्रार्थना. आगबोटीवरून उतरलेला खलाशी दुसरी बोट मिळेपर्यंत तेथे थोडक्या भाड्यात राही. कोकणातील मुसलमान खलाशांनी आपापल्या गावच्या जमातीच्या खोल्या चालविल्या. गिरणगावात रत्नागिरीकडच्या हिंदू कामगारांनी गावकऱ्यांच्या खोल्या केल्या. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी पाठ टेकी. धर्म तीन, पण युक्ती एकच! नवख्याला शहरात ओळख नसते, अनामत भरण्यास पैसा नसतो. गावाचे नाव हाच त्याचा जामीन.

हे केवळ गरिबांचेच नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याची ऐसपैस वस्ती झाली. तेथेही पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, माटुंग्याची तमिळ मंडळी असे गट पडलेच. धारावीत सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा निराळा आणि तमिळ चामडे कमावणारांची वस्ती निराळी. भाषा, देवस्थान, धंदा आणि ताटातले अन्न यांच्या ओढीने माणूस आपल्या माणसांजवळ जातो. यात गैर काही नाही.

परंतु आपण होऊन एकत्र राहणे निराळे आणि दुसरीकडे दार बंद म्हणून एकत्र राहणे निराळे. शिक्षणासाठी परगावी असताना माझे नाव ऐकताच "खोली कालच दिली" असे उत्तर मला एकाहून अधिक दारांत मिळाले. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते राखणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये वैध ठरविला. कायद्याने मुभा दिली हे खरे. पण मुभा म्हणजे कर्तव्य नव्हे.

आज चक्र उलटे फिरले आहे. ज्या गोव्याने मुंबईत कूड शोधले, त्या गोव्यात आता कर्नाटक, बिहार, ओडिशा येथील मजूर खोली शोधीत येतात. आपली घरे तेच बांधतात; आणि आपण त्यांना 'घाटी' म्हणून हिणवितो. त्यांची मुले माझ्या वर्गात बसतात. वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलते, आणि बिऱ्हाडाबरोबर शाळाही सुटते. हुशार मूल जूनमध्ये येते आणि दिवाळीनंतर त्याची जागा रिकामी असते. हे नुकसान कोणाच्या खात्यावर मांडावयाचे?

घरमालकाने कागदपत्रे अवश्य पाहावीत. पण जात, धर्म आणि प्रांत पाहून दार लावू नये. आपल्या ट्रस्टलाही माझी एक नम्र सूचना आहे. घटनेत बसत असेल तर वसतिगृहातील चार खाटा समाजाबाहेरच्या परप्रांतीय मुलांसाठी राखून ठेवाव्यात. बसत नसेल तर घटनादुरुस्तीचा विचार व्हावा. आपल्या वाडवडिलांना परक्या शहरात कोणीतरी पहिली खोली दिली, म्हणूनच आज आपण येथे जमलो आहोत. ते ऋण फेडण्याची संधी चालून आली आहे.