बसून रंगणारी लावणी

शिरवळजवळ नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे पडतो. खंबाटकीचा घाट उतरून सुरूर फाट्याला वळलं की वाई. तिथेच १५ मे २०१८ रोजी लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांनी देह ठेवला. वय १०२ वर्षं.

कोल्हाटी समाजात १९१५ साली जन्मलेल्या यमुनाबाईंना लावणी आईकडून मिळाली. पुढे यमुना-हिरा-तारा वाईकर या नावाने त्यांची संगीत पार्टी गाजली. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पद्मश्री २०१२ साली, नव्वदी कधीच उलटून गेल्यावर.

त्यांची खासियत बैठकीची लावणी. फडावरच्या लावणीत पायांतले चाळ बोलतात. बैठकीत गायिका रसिकांसमोर बसते, पेटी-तबल्याच्या साथीने एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला तिचा अर्थ पालटते. आधी रुसवा, मग लटका राग, मग विनवणी, शब्द तेच. सारं काम डोळ्यांचं, भुवईचं, हाताच्या बोटांचं आणि आवाजातल्या कंपाचं. याला अदाकारी म्हणतात.

शृंगाराची लावणी म्हातारीने कशाला गावी, असं विचारणारे भेटतात. पण प्रियकराची वाट पाहणं विशीतल्या मुलीला फक्त उतावीळपणाने दाखवता येतं. ज्या बाईने खरोखर वाट पाहिली, माणसं गमावली, त्यातूनही संसार ओढला, तिच्या त्याच ओळीत हुरहूर असते, रागही असतो आणि क्षमाही. गुडघे थकतात, भावना थकत नाही.

जपानचे नर्तक काझुओ ओनो याच वाटेवरचे. १९२९ साली त्यांनी तोक्योत ला अर्जेंटिना या नर्तकीला नाचताना पाहिलं आणि ते तिला विसरलेच नाहीत. १९७७ साली, सत्तरीत, तिच्या स्मरणार्थ त्यांनी नृत्य केलं. पुढे चालता येईना, तर ते नुसत्या हातांनी नाचत. २०१० साली वारले तेव्हा १०३ वर्षांचे होते.

आपल्याकडे ज्येष्ठ कलावंतांना सरकारी मानधन आहे, ते हवंच. पण कलावंताला रसिकही लागतात. शिरवळ-खंडाळ्याच्या यात्रांमधून रात्रभर ढोलकी घुमते, तिला सगळे मान डोलावतात. त्याच यात्रेत एक तास एखाद्या वयस्क गायिकेच्या बैठकीसाठी राखून ठेवावा, भोंगे बंद करावेत आणि फडावरच्या तरुण मुलींना तिच्या अगदी जवळ बसवावं. बोटं कशी वळतात ते लांबून दिसत नाही.