दात्याचा सत्कार



सांगली नगर वाचनालय १८६९ सालचे. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथे कृष्णेचे पाणी शिरले आणि हजारो ग्रंथ नासले. अशा वेळी दात्यांची आठवण होते. त्यांना शालश्रीफळ जरूर द्यावे. पण तेवढ्याने ऋण फिटते काय?

शेजारच्या साताऱ्याकडे पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तेथे वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला जेवत. त्यांच्या घासासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९३० साली त्या वारल्या. त्यांना हारतुरे कोण घालणार? मागे राहिलेल्यांनी मुलांची पंगत मोडू दिली नाही, हाच त्यांचा सत्कार.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. मोठ्या देणगीने युनियनची कचेरी उभी राहते. युनियन चालते ती दरमहाच्या वर्गणीवर. वर्गणी देणारा सभेला येतो, हिशेब विचारतो, संस्था आपली मानतो. वाचनालयाचेही तसेच आहे. दात्याने कपाट दिले, तरी त्यातले पुस्तक काढणारा हात आपलाच हवा.

म्हणून टाळ्या वाजवून झाल्या की वाचनालयाच्या वर्गणीची पावती घ्या. दात्याचा खरा मान तिच्यात आहे.