माठाचा गारवा आणि पऱ्हाटीचा भाव
(दिघी येथील बैठकीतील भाषण)



दिघीच्या एका अंगाला चाकण. १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरला, ते चाकण. दुसऱ्या अंगाला चिंचवड. तिथे कारखाना असलेली थरमॅक्स कंपनी पाण्यापासून गारवा करणारी यंत्रे विकते. अशा यंत्राला पऱ्हाटीची आचही चालते. मग उद्या कोणी पुढारी म्हणेल, गावात असे शीतगृह घाला. त्याआधी हिशेब समजून घेऊ.

माठ गार का होतो? पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते, जाताना उष्णता घेऊन जाते. यंत्रातही तेच. बंद टाकीतली हवा काढली की पाणी ४-५ अंशांवरच उकळते आणि नळ्यांतून फिरणारे पाणी गार करते. झालेली वाफ लिथियम ब्रोमाइड या क्षाराचे दाट द्रावण शोषून घेते, पावसाळ्यात मीठ ओल धरते तसे. मग आच देऊन वाफ वेगळी काढायची, निववून तिचे पुन्हा पाणी करायचे. वीज लागते ती बहुतेक पंपांपुरती.

आता खर्चाची बाजू. दिवसभरात एक टन बर्फ वितळून जेवढा गारवा देतो, त्याला म्हणतात एक टन गारवा. साध्या यंत्रात त्यासाठी ढोबळमानाने तासाला पावणेदोन किलो वाळली पऱ्हाटी जळते. शिवाय यंत्राची उष्णता बाहेर टाकताना तासाला १२-१३ लिटर पाणी हवेत उडते. पन्नास टनांचे यंत्र अहोरात्र चालले तर रोज पंधरा हजार लिटर! विजेच्या यंत्राला याच्या निम्मे पुरते. एवढे करून गारवा पाच अंशांच्या आसपास थांबतो, कारण शून्यावर पाणीच गोठते. द्राक्षाला त्याहून थंड लागते.

ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो, त्या गावाने हे यंत्र घेऊ नये. कारखान्यात वाफ वाया जाते, तिथे ते शोभते. आपला कापूस आणि ज्वारी गारव्यावाचून नासत नाही; भावावाचून मातीमोल होते.

पण पऱ्हाटी आपली आहे. आज आपण ती बांधावर पेटवतो. कारखान्याला तिची आच हवी असेल तर त्याने ती वजनावर, रोखीने घ्यावी; तोडणी आणि वाहतूक धरून भाव ठरावा. कडब्याला मात्र हात लावू द्यायचा नाही. तो जनावरांच्या तोंडचा घास आहे.

यंत्राचे कौतुक जरूर करा. पण पाणी कोणाचे, पऱ्हाटी कोणाची आणि पैसा कोणाला, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही ठरावावर अंगठा उठवू नका.